सगळं जग माझ्याकडेच बघतंय!

समजा, तुम्ही १५ वर्षांचे आहात आणि एमआरआयच्या यंत्रात आडवे पडला आहात. काम काहीच नाही. गणित सोडवायचं नाही, काही आठवायचं नाही. समोरच्या पडद्यावर अधूनमधून एवढंच कळतं : कॅमेरा बंद आहे, कॅमेरा सुरू होतोय, कॅमेरा सुरू झाला. तो सुरू झाला की तुमच्याच वयाचं कुणीतरी दुसरीकडे बसून तुमचा चेहरा बघणार, असं तुम्हाला सांगितलंय. नुसतं बघणार. हसणार नाही, बोलणार नाही, मार्क देणार नाही.

लिआ सॉमरव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ८ वर्षांच्या पोरांपासून २३ वर्षांच्या तरुणांपर्यंत सगळे होते. लहान मुलांना या बघण्याचं फारसं काही वाटलं नाही. वय वाढत किशोरवयात शिरलं तशी लाज वाढली, तळहाताला घाम सुटायला लागला आणि कपाळामागचा, ‘मी कसा दिसतो, मी कोण’ या विचारांशी जोडलेला मेंदूचा भाग जोरात कामाला लागला.

आता यातली खरी गंमत ऐका. कॅमेऱ्यापलीकडे कुणीच नव्हतं!

म्हणजे कुणी न बघताही या वयातला मेंदू प्रेक्षागृह भरून टाकतो. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ही गोष्ट स्कॅनर वगैरे नसताना, १९६७ सालीच ओळखली होती. किशोरवयीन मुलं एका काल्पनिक प्रेक्षकवर्गासमोर जगत असतात, असं त्याने मांडलं. आपण दिवसभर स्टेजवर आहोत आणि समोरचा प्रत्येक माणूस आपलंच नाटक बघायला आलाय, असं त्यांना वाटत असतं.

पनवेल स्टेशनच्या पलीकडे सिडकोने वसवलेल्या करंजाडेत एखाद्या संध्याकाळी फिरून या. एकीकडे मूळ गाव, दुसरीकडे सेक्टरमागून सेक्टर उभ्या राहिलेल्या इमारती. विमानतळासाठी ज्यांची गावं उठली त्यांतल्या काहींनी याच भागात नव्याने घरं बांधली. कुणी मुंबईतलं भाडं परवडेना म्हणून आलं, कुणी घाटावरून नोकरीसाठी आलं. मोठ्यांना कर्जाचा हप्ता आणि लोकलची गर्दी पुरते. पण नववीत नव्या शाळेत टाकलेल्या पोराचं काय? जुने मित्र गेले, नव्यांनी अजून जवळ केलेलं नाही. लिफ्टच्या आरशात तो नाकावरची पुटकुळी बघतो आणि त्याची खात्री पटते की उद्या वर्गात दुसरा विषयच निघणार नाही.

निघतो का? थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर याचा एक खट्याळ प्रयोग केला. ज्याची लाज वाटेल असा टी-शर्ट घालायला लावून एकेकाला इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. बाहेर आल्यावर विचारलं, किती जणांनी बघितला असेल? अंदाज आला, जवळजवळ निम्म्यांनी. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच तो लक्षात आला होता. २००० साली हे संशोधन छापून आलं ते ‘स्पॉटलाइट परिणाम’ या नावाने. नावातच नाटकाची बत्ती आहे, बघा.

पण हा प्रेक्षक नुसता लाजवून थांबत नाही, तो भरीलाही घालतो. २००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी संगणकावर गाडी चालवायचा एक खेळ मांडला. पिवळा दिवा लागला की थांबायचं की दामटायची, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. एकटी असताना १३ ते १६ वर्षांची मुलं बऱ्यापैकी सांभाळून खेळली. मित्र शेजारी बसवले आणि त्यांचा धोका पत्करण्याचा आकडा एकदम वर गेला. चोविशीच्या पुढच्या मोठ्यांना मित्र आले काय, गेले काय, फारसा फरक पडला नाही. वर्गात मवाळ असलेला मुलगा टोळक्यात दुचाकीचं हँडल सोडतो, पहिली सिगरेट ओढतो, कुणाला तरी फटकावतो, तेव्हा आपण म्हणतो, ‘संगत वाईट’. संगत वाईट असेलही. पण त्याच्या मेंदूच्या हिशेबात तेव्हा शो चालू असतो आणि टाळी हवी असते.

बिघडलेली, हट्टी, घुमी, कोंडलेली अशी अनेक नावं आपण ज्या मुलांना देतो, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचं एक दुखणं हे असं प्रेक्षकांचं दुखणं असतं. मग यावर औषध काय? अशा मुलाला खरोखरच्या स्टेजवर उभं करायचं, त्याच्याच वयाच्या भानगडींचं नाटक त्याच्याकडून बसवून घ्यायचं आणि समोर तिकीट काढून आलेली दोन-तीनशे माणसं बसवायची! ज्याला चार डोळे सहन होत नाहीत, त्याच्यावर सहाशे डोळे रोखायचे. ऐकायला वेडेपणा वाटतो ना? तरी हे चालतं. कसं चालतं ते टप्प्याटप्प्याने बघू.

पहिला टप्पा, तालमीचा. अशा तालमीत संहिता लगेच हातात पडत नाही. आधी गोल करून उभं राहायचं, नाव सांगायचं, एक हालचाल करायची आणि बाकीच्यांनी ती जशीच्या तशी करून दाखवायची. मग आरशाचा खेळ. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकाने हात हलवायचा, दुसऱ्याने त्याचं प्रतिबिंब व्हायचं. साधा पोरखेळ वाटतो. पण जरा थांबून बघा इथे काय घडतंय. जो मुलगा कुणाच्या नजरेला नजर देत नाही, तो मिनिटभर दुसऱ्याच्या डोळ्यांत बघतो, आणि त्या वेळात ‘मी कसा दिसतोय’ हा विचार करायला त्याला फुरसतच नसते. त्याचं सगळं लक्ष समोरच्याच्या बोटांवर. काल्पनिक प्रेक्षागृहातली पहिली रांग तिथेच उठून जाते.

दुसरा टप्पा त्याहून चमत्कारिक. ‘मी’ची जागा ‘तो’ घेतो. कुणी म्हणालं, ‘तुझ्या घरात काय चाललंय ते सांग’, तर मुलगा तोंड शिवून बसेल. पण ‘एक मुलगा आहे, त्याच्या घरात असं असं घडतं, तो काय करेल?’ असं विचारा, तासभर बोलेल. एवढ्याशा सर्वनामाने इतका फरक पडावा? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४ आणि ६ वर्षांच्या मुलांना एक रटाळ काम दिलं होतं आणि शेजारी मोह म्हणून खेळाचा आयपॅड ठेवला होता. काहींनी स्वतःला विचारायचं, ‘मी नीट काम करतोय का?’ काहींनी स्वतःचं नाव घेऊन विचारायचं. आणि काहींनी बॅटमॅनसारखा अंगरखा चढवून विचारायचं, ‘बॅटमॅन नीट काम करतोय का?’ सगळ्यांत जास्त वेळ कोण टिकलं? बॅटमॅन! ‘मी’ म्हणणारे सगळ्यांत आधी आयपॅडकडे वळले. स्वतःपासून पावलभर लांब उभं राहिलं की स्वतःला आवरणं सोपं जातं. नटाची भूमिका म्हणजे हेच पावलभर अंतर, फक्त ते दीड तास टिकवायचं असतं.

तिसरा टप्पा, भावनेला नाव देण्याचा. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि त्या भावनेचं नाव निवडायला सांगितलं. नाव देताच मेंदूतल्या अमिग्डाला या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची धावपळ कमी झाली, आणि आवर घालण्यात वाटा असलेला पुढचा भाग जास्त काम करू लागला. तालमीत हेच वेगळ्या वाटेने घडत असतं. दिग्दर्शक विचारतो, ‘हे वाक्य तो रागाने म्हणतोय की त्याला अपमान वाटलाय?’ पोरं वाद घालतात. कुणी म्हणतं राग, कुणी म्हणतं भीती, कुणी म्हणतं, नाही रे, त्याला कुणीतरी विचारायला हवं होतं. ज्या मुलाकडे ‘डोकं सटकलं’ एवढा एकच शब्द होता, त्याच्याकडे महिनाभरात सात-आठ शब्द जमतात.

एक प्रसंग जवळून बघू. करंजाडेतल्या एखाद्या सोसायटीच्या हॉलमध्ये तालीम चालली आहे असं समजा. प्लास्टिकच्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या. प्रसंग असा : चाचणीत नापास झालेला मुलगा, कामावरून परत आलेली आई, भांडण. मुलाचं काम करणारा पोरगा झकास चिडतो, त्याला फार काही करावं लागत नाही. आईचं काम करणारी मुलगी नुसती ओरडत राहते. मग दिग्दर्शक दादा म्हणतो, ‘आता अदलाबदल. तू आई.’ हशा पिकतो. पोरगा बाहेर जातो आणि आई होऊन आत येतो. खांद्यावरची पर्स खाली ठेवतो. चप्पल काढताना भिंतीला हात टेकतो. कुणी सांगितलेलं नसताना आधी गॅसकडे जातो, कुकरचं झाकण उघडून बघतो आणि तिथूनच विचारतो, ‘जेवलास का?’ ओरडणं त्यानंतर.

हॉलमधला हशा थांबलेला असतो. ते ‘जेवलास का’ कुणी लिहिलं? संहितेत नव्हतं. मुलाने ते घरी शेकडो वेळा ऐकलं होतं, पण त्याच्या कानात उरत होतं फक्त पुढचं ओरडणं. आईच्या जागेवरून चालत येताना आधीचा प्रश्न त्याच्याच तोंडून बाहेर पडला. भूमिकांची ही अदलाबदल उपचार म्हणून वापरायला सुरुवात केली ती याकोब मोरेनो या डॉक्टरने, आधी व्हिएन्नात आणि मग अमेरिकेत. त्याच्या ‘सायकोड्रामा’ या उपचारपद्धतीचा हा कणाच आहे.

हे सगळं का जमतं? क्रिकेटच्या नेट्समध्ये चेंडू खऱ्या वेगाने येतो, चुकलात तर लागतोही, पण तुम्ही आउट होत नाही. पुन्हा उभे राहता. तालमीत राग खरा, आवाज खरा, डोळ्यांतलं पाणीही कधी कधी खरं, पण परिणाम भोगावे लागत नाहीत. बापाला उलट बोलून बघता येतं, घर सोडून बघता येतं, माफी मागूनही बघता येते. पटलं नाही तर, ‘परत घेऊ या!’ आयुष्यात दुसऱ्या टेकची मुभा देणारी दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

आता करंजाडेतून ठाण्याला जाऊ. रत्नाकर मतकरी हे नाव बालनाट्य, गूढकथा, लोककथा ’७८ यांमुळे सगळ्यांना ठाऊक. पण सत्तरी ओलांडल्यावर या माणसाने एक वेगळाच घाट घातला. ठाण्याच्या समता विचार प्रसारक संस्थेला बरोबर घेऊन त्यांनी झोपडपट्ट्यांमधल्या मुलामुलींसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला आणि ‘नाट्यजल्लोष’ हा उपक्रम सुरू झाला. ढीगभर नाटकं-एकांकिका लिहिलेला लेखक वस्तीत जातो. त्याने काय करावं? आपली एखादी हमखास चालणारी संहिता पोरांच्या हाती द्यावी, असंच कुणालाही वाटेल. मतकरींनी उलट केलं. नाटक तुम्ही करा, तुमच्याच जगण्यातलं करा, असं त्यांनी मुलांना सांगितलं. नाट्यक्षेत्रातली जाणती माणसं मदतीला होती, पण विषय मुलांचे, बोली मुलांची. मग स्टेजवर आलं व्यसन, आलं पाण्याचं भांडण, मुलींवरची बंधनं, शिक्षण सुटण्याची भीती. मतकरी २०२० साली कोविडने गेले. रंगमंच मात्र त्यांच्या मागेही चालू राहिला.

मुलांच्या दुखण्यांवर नाटक करायला मोठ्यांची केवढी ना असते, हे बघायचं तर थोडं मागे जायला हवं. फ्रांक वेडेकिंड या जर्मन लेखकाने किशोरवयीन मुलांवर लिहिलेलं ‘स्प्रिंग अवेकनिंग’ हे नाटक १८९१ साली छापून आलं. त्यात परीक्षेच्या धसक्याने आत्महत्या करणारा मोरिट्झ आहे, आईने काहीच न सांगितल्यामुळे जिवाला मुकणारी वेंडला आहे. आणि एक प्रसंग असा : एका मुलाला शाळेतून काढायचं की नाही हे ठरवायला मास्तरांची सभा बसली आहे. मुलाचं आयुष्य पणाला लागलंय आणि मास्तर लोक हमरीतुमरीवर आलेत, पण कशावरून? खोलीची खिडकी उघडायची की नाही यावरून! एकोणिसाव्या शतकातलं लिखाण आहे हे, तरी आपल्या एखाद्या शाळा समितीची बैठक डोळ्यांसमोर येते की नाही? हे नाटक रंगमंचावर यायला १९०६ साल उजाडावं लागलं. बर्लिनमध्ये माक्स राइनहार्टने ते केलं, तेही कात्री लागूनच. आणि १०० वर्षांनी, २००६ साली, त्याचंच संगीत रूप ब्रॉडवेवर आलं आणि पुढच्या वर्षी त्याने ८ टोनी पुरस्कार पटकावले.

त्याच बर्लिनमधून एक धागा थेट पुण्यात येतो. तिथे फोल्कर लुडविगने ‘ग्रिप्स’ नावाचं थिएटर चालवलं. त्यात राजा नाही, परी नाही, चेटकीण नाही. नायक मुलं, आणि त्यांच्या अडचणी म्हणजे घटस्फोट, मारकुटे वडील, खेळायला नसलेली जागा. १९८६ साली ही चळवळ मराठीत आणली मोहन आगाशे यांनी. ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना फडणवीस ते हेच. आणि पेशाने कोण? मनोविकारतज्ज्ञ! श्रीरंग गोडबोले आणि पुण्याच्या रंगकर्मींनी ही नाटकं मराठी मातीत रुजवली. ग्रिप्सची एक अट मोठी मजेशीर आहे : मुलांची कामं मोठ्या माणसांनी करायची. लाडिक आवाज काढायचा नाही, बोबडं बोलायचं नाही. तिशीतला माणूस हाफ पँटमध्ये दहा वर्षांच्या मुलाचा राग गंभीरपणे रागावतो, तेव्हा प्रेक्षागृहातल्या मुलाला कळतं की आपला राग हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. आणि शेजारी बसलेल्या बापालाही ते कळतं.

मुलं मुलांची कामं करतात तो ठाण्याचा रस्ता, मोठे मुलांची कामं करतात तो ग्रिप्सचा रस्ता. तिसरा रस्ता त्याहून धाडसी आहे. तिथे प्रेक्षकच स्टेजवर चढतो. ऑगुस्तो बोआल हा ब्राझीलचा नाटकवाला १९७३ साली पेरूमध्ये साक्षरतेच्या एका मोहिमेत काम करत होता. नवऱ्याने फसवलेल्या बाईचा प्रसंग चालला होता. आता तिने काय करावं, असं प्रेक्षकांना विचारत नट ते करून दाखवत होते. एक धिप्पाड बाई म्हणाली, तिने त्याच्याशी स्पष्ट बोलावं. नटीने स्पष्ट बोलून दाखवलं. ‘असं नव्हे!’ पुन्हा करून दाखवलं. ‘असंही नव्हे!’ शेवटी वैतागून बोआल म्हणाला, मग तुम्हीच या वर. बाई आली, झाडू उचलला आणि नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाला बदडून काढलं. तिचं स्पष्ट बोलणं ते हे! त्यातून बोआलच्या फोरम थिएटरची कल्पना आकाराला आली : प्रसंग अडचणीच्या टोकाशी थांबवायचा, प्रेक्षकातून कुणीही ‘थांबा’ म्हणायचं, नटाच्या जागी उभं राहायचं आणि आपला उपाय करून बघायचा. रॅगिंग, छेडछाड, मोबाइलवरची धमकी असे विषय घेऊन हे नाटक किशोरवयीनांसमोर करा. उपदेशाच्या भाषणाला जांभया देणारी पोरं उपाय दाखवायला रांग लावतील.

आता कुणी म्हणेल, हे सगळं छान, पण मुलांमध्ये खरंच काही बदलतं का? ग्लेन शेलेनबर्ग यांनी टोरंटोमध्ये ६ वर्षांच्या १४४ मुलांचे गट पाडले. काहींना संगीत शिकवलं, काहींना नाटक, काहींना काहीच नाही. २००४ साली निष्कर्ष आले. संगीतवाल्यांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा थोडा जास्त वाढला, म्हणून जगभर गाजावाजा झाला तो संगीताचा. नाटकवाल्यांचं काय झालं ते मागेच राहिलं : इतरांमध्ये मिसळून वागण्यात सुधारणा दिसली ती फक्त त्यांच्यात. पुढे २०१२ साली थालिया गोल्डस्टाइन आणि एलन विनर यांनी वर्षभर अभिनय शिकणाऱ्या मुलांची इतर कला शिकणाऱ्यांशी तुलना केली. अभिनयवाल्यांची सहवेदना जास्त वाढली, आणि किशोरवयीनांमध्ये तर समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखण्याची क्षमताही. या दुसऱ्या अभ्यासातले गट लहान होते आणि मुलं आपापल्या आवडीने आलेली होती, त्यामुळे याला शेवटचा शब्द म्हणता येणार नाही. शिवाय ज्याला रात्र-रात्र झोप नाही किंवा जगणं नको झालंय, त्याला तालमीआधी डॉक्टर किंवा समुपदेशक हवा. टेलिमानसचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे क्रमांक त्यासाठीच आहेत.

आणि आता प्रयोगाची संध्याकाळ. करंजाडेच्या पोरांना त्यासाठी लांब जायला नको. पनवेलचं वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह रिक्षाच्या अंतरावर आहे. अटल करंडक या स्पर्धेच्या निमित्ताने तिथे एकांकिकांचा गजर होतोच. तिसरी घंटा होते, पडदा सरकतो आणि पोरगा एन्ट्री घेतो. छाती धडधडतेय, घसा कोरडा, हात गार. एमआरआयमधल्या मुलांना झालं तसंच, त्याहून जास्तच. मात्र या वेळी एक गोष्ट वेगळी आहे. प्रेक्षक खरा आहे.

आणि खरा प्रेक्षक काल्पनिक प्रेक्षकासारखा अजिबात वागत नाही! तो कधी खोकतो, कधी मोबाइल सायलेंट करायला विसरतो. ज्या वाक्याला हशा येईल वाटलं तिथे येत नाही, नको तिथे येतो. मुलगा एखादं वाक्य विसरतो आणि त्याच्या लक्षात येतं की कुणाला पत्ताच नाही, कारण सोबतच्या मुलीने पुढचं वाक्य घेऊन नाटक सावरलंय. डोक्यातला प्रेक्षक प्रत्येक चूक मोजतो. हा प्रेक्षक गोष्टीत पुढे काय होतं ते बघायला आलाय. डोक्यातला प्रेक्षक कधी घरी जात नाही. हा दीड तासाने टाळ्या वाजवतो आणि वडापाव खायला निघून जातो.

एल्काइंडने १९६७ साली आणखी एक गोष्ट लिहून ठेवली होती : हा काल्पनिक प्रेक्षक म्हणजे मुलाने मांडलेला अंदाज असतो, आणि खऱ्या माणसांच्या खऱ्या प्रतिक्रियांवर घासून घासूनच तो अंदाज हळूहळू खरा होत जातो. बहुतेकांना त्याला काही वर्षं लागतात. नाटकात हा अभ्यासक्रम एका सीझनमध्ये आटोपतो, कारण इथे प्रतिक्रिया लगेच मिळते, सगळ्यांसमोर मिळते आणि ती आपल्याला नव्हे तर भूमिकेला मिळते. दुसऱ्या प्रयोगाच्या आधी तो पोरगा विंगेतून बाहेर डोकावतो तेव्हा ‘माझ्याकडे बघून काय म्हणतील’ हा प्रश्न त्याच्या डोक्यात नसतो. तो रांगा मोजत असतो आणि मागे वळून दादाला विचारतो, ‘आज हाउसफुल्ल आहे का?’